लांबडीचं खरं नाव

छन्न!

मागून आवाज आला आणि तिच्या काळजात धस्स झालं. चढावरचा सिग्नल नुकता हिरवा झाला होता. तिने ॲक्सिलरेटरवर पाय नीट टेकवलाही नव्हता, तोच ही लांबडी गाडी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी उसळली. तिने गाडी कडेला घेतली, दार धाडकन आपटलं, भुरभुर पावसात मागे गेली आणि डिकी उघडून गुडघ्यांवर बसली.

आत रजईत गुंडाळलेलं झुंबर होतं. एका हॉटेलच्या जिन्यातलं. त्याचा एकेक लोलक तिने स्वतःच्या हाताने उतरवला होता, धुतला होता, पुसला होता आणि नव्या तारेत ओवला होता. रजईचा कोपरा उचलला, तर खालच्या फेरातला लोलक दुभंगून पडलेला.

“मेली! कृतघ्न!” ती गाडीवर ओरडली. “भंगारात घालीन तुला! चाकं काढून विकीन!”

“चाकं तेवढी विकू नका,” मागून कुणीतरी म्हणालं. “तशी पुन्हा मिळायची नाहीत.”

तिने वळून पाहिलं. एक उंच माणूस छत्री धरून उभा होता. आता छत्री धरावी ती कुणावर? भिजणाऱ्या बाईवर. निदान स्वतःवर तरी. ह्याने ती धरली होती डिकीवर!

“अहो, मी भिजतेय इथे!”

“तुम्ही तर भिजलातच,” तो म्हणाला. “रजई अजून कोरडी आहे.”

अशा माणसाला काय बोलावं? तिला बरंच सुचलं, पण त्याने बोलायला वावच दिला नाही. तो खाली वाकला, नाकाने वास घेतला आणि म्हणाला, “क्लच तापलाय. पहिल्या गिअरला हिला फार ओढू नका. लवकर दुसऱ्यावर घ्या.”

“मी विचारलं का तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

“मग… नाही विचारलंत.” तो हसला. हसताना एकच भुवई वर जायची त्याची.

तिने डिकीचं दार ओढलं. लागलं नाही. कधीच पहिल्या झटक्यात लागायचं नाही. ती दुसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात त्याने डाव्या कोपऱ्याला गुडघा टेकवला, दार किंचित उचललं, आणि ते लोण्यात सुरी जावी तसं बसलं.

तिचे डोळे बारीक झाले. “तुम्हाला कसं ठाऊक?”

“अशा दारांना… असतात सवयी.” तो दुसरीकडे बघत म्हणाला. मग छत्री तिच्या हातात कोंबली आणि पावसात पळत रस्ता ओलांडून गेलासुद्धा.

राग आला की तिला समोरचं काही दिसत नसे. आज मात्र त्याच्या पापण्यांवरचे थेंब दिसले होते. ह्याचाही तिला रागच आला.

*

दुकान होतं तिच्या बाबांचं. दुकान कसलं, एक लांबट खोली. छताला आकडे, आकड्यांना टांगलेली झुंबरं, खाली पांढऱ्या कापडाने झाकलेलं मेज, आणि मेजाशी बाबा आणि आत्या. दिवे, समया असलं काही ते घेत नसत. फक्त झुंबरं. जुनी, मळकी, तुटकी यायची आणि लखलखत जायची. ह्या घरात माणसाची किंमत एकाच गोष्टीवर ठरायची, हात हलका की जड.

बाबांनी फुटलेला लोलक बोटांत धरून उजेडाकडे नेला. बराच वेळ धरला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“गाडी उसळते, बाबा. मी पाय ठेवत नाही तोच—”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” बाबा म्हणाले. “तूच पसंत केलीस ना गाडी? लांब डिकी आहे, झुंबर आडवं मावतं म्हणून? तेव्हा कसं अंगण सरळ होतं?”

“पण—”

“हात जड झालाय तुझा. पाय तर त्याहून जड.” त्यांनी लोलक मेजावर ठेवला. “नाट्यगृहाचं झुंबर तू न्यायचं नाही. तुझा चुलतभाऊ टेंपोने नेईल, आणि चढवील पण तोच.”

तिच्या कानशिलात कुणी वाजवावी तशी ती उभी राहिली. नाट्यगृहाचं झुंबर म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पणजोबांच्या हातचं होतं ते. सबंध हिवाळाभर तिने ते उघडून मेजावर मांडलं होतं. रात्रंदिवस त्याचीच स्वप्नं पडायची तिला. जो ते चढवील त्याच्या हाती पुढे दुकान जाणार, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं. आणि चुलतभाऊ? त्या शहाण्याने जन्मात एक लोलक पुसला नव्हता! झुंबराखाली उभं राहून स्वतःचे फोटो काढायचा, एवढंच त्याचं झुंबरज्ञान.

“आत्या, तू तरी बोल!”

आत्या तार ओवत होती. तिने वर पाहिलं नाही. “मी काय बोलू? फुटलेली काच बोलतेय ना.” आणि मग नाक मुरडून, “ही छत्री कुणाची गं? पुरुषी दिसतेय.”

“एका अगोचर माणसाची!”

“अगोचर? मग परत कशी करणार?”

“येईल झक मारत!”

*

आला. चढावरच्या कॉफीच्या दुकानासमोर ती दुसऱ्याच दिवशी छत्री घेऊन उभी होती. मुद्दाम नव्हे हो, रस्ताच तो होता तिचा! त्याने छत्री घेतली आणि पहिला प्रश्न केला, “कशी आहे ती?”

“कोण ती?”

“गाडी.”

“आणि मी?”

“तुम्ही रागात आहात. ते दिसतंय.” भुवई वर. “गाडीचं दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं.”

मग तो येतच राहिला. कधी कॉफीच्या दुकानाशी, कधी तिच्या दुकानासमोरच्या वळणावर. टायरमध्ये हवा किती ठेवता, पुढून कुईकुई येतं का, सकाळी दुसरा गिअर अडतो का. अडायचा. अगदी अडायचा! आणि हे विचारता विचारता तो तिच्या केसात अडकलेला तारेचा तुकडा अलगद काढून द्यायचा, तिला कॉफीत साखर लागत नाही हे लक्षात ठेवायचा, तिच्या कापलेल्या बोटाला स्वतःजवळची पट्टी गुंडाळायचा. पट्टी बांधताना त्याचे हात… जाऊ दे. हात हलके होते एवढं खरं, आणि झुंबरवाल्यांच्या लेकीला दुसरं काय दिसणार?

पण एकदा तिचा तोल गेलाच. “तुम्ही माझ्याकडे येता की तिच्याकडे? गाडीचे मामा लागता का?”

तो हसला नाही. कपाकडे बघत राहिला. “आधी तिच्याकडे यायचो,” तो हळूच म्हणाला. “आता… तसं नाही.”

असं कुणी म्हटलं की पोरीने लाजावं. ती लाजलीही. घरी जाताना गाडी तीनदा बंद पडली तरी तिला शिवी आठवेना. पोरींनो, लक्षात ठेवा, शिवी आठवेनाशी झाली की समजावं, पाय घसरला.

*

आणि मग एके दिवशी ती टायर बदलायला गेली.

टायरवाला गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. डिकीच्या दारावरची धूळ त्याने फडक्याने पुसली, पुन्हा पुसली, आणि म्हणाला, “हिचं नाव कुणी काढलं?”

“कसलं नाव?”

“हे बघा ना.” रंगावर अक्षरांच्या पुसट खुणा होत्या. आजूबाजूचा रंग उन्हाने फिका पडलेला, तेवढ्या जागी गडद. “अक्षरं उचकटून काढलीत. ताई, ही साधी गाडी नाही. ह्या गाडीच्या बहिणी असतात ना, पोराबाळांच्या, सामानसुमानाच्या, त्यांच्यासारखी दिसते नुसती. आत शर्यतीचं इंजिन आहे. स्प्रिंगा दगडासारख्या कडक. हिच्यातून काचा नेता तुम्ही?” तो हसला. “आणि ही तर मला ओळखीची वाटते. घाटाच्या शर्यतीत असायची. तो उंच मुलगा चालवायचा… एकच भुवई वर करून हसतो बघा.”

घशापर्यंत आलेली आग तिने गिळली, नवे टायर लावून होईपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिली, आणि मग विचारलं, “तो मुलगा आता काय करतो?”

“गाडी शिकवतो. लोकांना.”

*

मोटार शिकवण्याची ती शाळा मैदानाच्या बाजूला होती. छपरावर पाटी लावलेली एक छोटी गाडी मुंगीच्या चालीने रस्त्यावरून येत होती. चालवायला एक जाड चष्म्याच्या काकू, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसलेल्या. शेजारी तो.

झुंबरवाली रस्त्यातच उतरली आणि त्याच्या खिडकीशी जाऊन चालू लागली. गाडीचा वेगच तसा होता, चालत चालत भांडता येत होतं.

“चोर!”

तो दचकला. “अगं—”

“अगं-बिगं नाही! अहो म्हण! नाव खरवडून विकलीस? मला वाघीण विकलीस, गाय म्हणून?”

“समोर बघा काकू, क्लच… क्लच दाबा,” तो काकूंना म्हणाला आणि मग तिला, “मी सांगणार होतो.”

“कधी? माझ्या तेराव्याला?”

“काय केलं गं ह्याने?” काकूंनी विचारलं. त्या समोर बघायचं सोडून इकडेच बघत होत्या.

“गाडी विकली मला, काकू! शर्यतीची! आणि सांगितलं, घरगुती आहे!”

“मी नाही, विक्रेत्याने सांगितलं—”

“आणि तू मागे उभा राहून ऐकलंस!” हे तिने अंदाजाने फेकलं होतं, पण त्याचा चेहरा बघून कळलं, बाण लागला. “म्हणजे होतास तू तिथे!”

“फसवलंस पोरीला?” काकूंनी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली. ब्रेक मात्र सुरेख लावला. “मास्तर, खाली उतर आणि नीट सांग. माझा तास गेला तरी चालेल.”

तो उतरला. मान खाली. मैदानाच्या कुंपणाला टेकून त्याने सांगितलं ते असं. शर्यतीत त्याच्या मित्राच्या गाडीचा चेंदा झाला होता. मित्र वाचला, पाय गेला. त्या दिवसापासून ह्याच्या आईने अन्न सोडलं. म्हणाली, घरात ही गाडी तरी राहील नाहीतर मी. त्याने वचन दिलं आणि गाडी विकायला काढली. पण गिऱ्हाईक येई ते शर्यतवालंच. कुणी बॉनेट उघडायला लावी, कुणी इंजिन किंचाळेपर्यंत पिळी. एक तर म्हणाला, महिनाभर पिळतो आणि फेकून देतो.

“मग मी अक्षरं काढली. वाटलं, नाव नसेल तर तसली माणसं यायची नाहीत. आणि तू आलीस. बॉनेटकडे फिरकलीसुद्धा नाहीस. सरळ मागे गेलीस, डिकीत आडवी झालीस, हात ताणलेस आणि म्हणालीस, मावेल.” त्याचा आवाज खाली गेला. “मला वाटलं, हिच्या हाती ही सुखात राहील.”

“गाडी सुखात राहील! आणि मी?”

त्याने मान आणखी खाली घातली.

“माझ्या घरी हात हलका की जड ह्यावर माणूस मोजतात, मास्तर. तुझी लांबडी उसळली, काच माझी फुटली. बाबा म्हणाले हात जड झाला. मी काय करायचे माहीत आहे? रात्री पाण्याने भरलेली वाटी हातावर ठेवून जिना चढायचे-उतरायचे. आपल्यातच काही बिघडलंय म्हणून! पणजोबांचं झुंबर माझ्या हातून गेलं. तुला गाडीची काळजी वाटली. माणसाची कुणी करायची?”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हे त्याला ठाऊकच नव्हतं. “मी आत्ता येतो. तुझ्या बाबांना सांगतो, चूक माझी—”

“खबरदार! तू सांगितलंस तर काय म्हणतील? मुलगी चुकली आणि पोराने पांघरूण घातलं. माझ्या हाताची ग्वाही तू द्यायची? तू कोण?”

“मग गाडी परत घेतो. दुसरी मऊ देतो.”

“का? माझी आहे ती!” आपण काय बोललो हे तिला बोलल्यावर कळलं. “मला तिचं सगळं सांगायचं. एकूण एक खोड. आणि आधी तिचं नाव जिथल्या तिथे लाव. खोट्या नावाने कुणी माझ्याकडे राहिलेलं मला चालणार नाही.”

“माझंही जरा चुकलंच,” काकू गाडीतून म्हणाल्या, “मी ह्याला भला माणूस समजत होते. आता रिव्हर्स कोण शिकवणार मला?”

*

अक्षरं त्याने रुमालात जपून ठेवली होती. त्याने डिंक लावायचा आणि तिने अक्षर धरून दाबायचं. बोटाला बोट लागलं की दोघंही भलतीकडे बघायची. एक अक्षर तिरकं बसलं. तो काढायला गेला तर ती म्हणाली, “राहू दे. तुझ्यासारखंच आहे, सरळ बसायचं जमत नाही.”

गोदामांच्या मागे एक रिकामा रस्ता होता. सुट्टीच्या दिवशी तिथे कुत्रंही नसे. तिने पुढच्या आरशाला एका दोऱ्यात दोन लोलक टांगले, शेजारी शेजारी. “हे वाजले की हरलो.”

“मी दाखवतो,” मास्तर ऐटीत म्हणाला. दोन पावलं गाडी गेली नाही तोच लोलक टिणटिण टिणटिण. पुन्हा प्रयत्न केला. टिणटिण. शर्यतीचा वीर पार घामाघूम.

“सरक,” ती म्हणाली.

तिलाही पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग तिने डोळे मिटले. तार बारीक भोकातून ओढताना ती श्वास सोडायची, लहानपणी आत्याने शिकवलं होतं तसं. श्वास धरून ठेवला तर हात ताठतो. पायाचंही तेच असणार. तिने श्वास सोडला, सोडता सोडता पाय टेकवला, आणि लांबडी पाण्यावरून नाव निघावी तशी निघाली. लोलक झुलले. वाजले नाहीत.

तो रस्त्याकडे बघतच नव्हता.

“काय बघतोस?”

“इतकी वर्षं मला वाटायचं, हिला नुसतं धावता येतं.”

“गाडीबद्दल बोलतोयस ना?”

“हो,” तो म्हणाला. आणि मग, “…नाही.”

“नक्की सांग काय ते!”

“तू रागावशील.”

“मी रागावलेलीच आहे!”

तो काहीतरी बोलणार होता. ओठ उघडले, मिटले. मग म्हणाला, “खड्डा आहे पुढे. डावीकडून घे.”

खड्डा खरंच होता, पण असा संताप आला तिला! शर्यतीत कड्याच्या टोकावरून वळणं घेणारा माणूस, आणि एक वाक्य बोलायला ह्याचे पाय लटपटतात! त्यानंतर किती सुट्ट्या गेल्या. ती चढ शिकली, उतार शिकली, कडक स्प्रिंगांवरून खड्डा कसा उतरवायचा ते शिकली. तो सगळं शिकवायचा. तेवढं सोडून.

*

नाट्यगृहाच्या झुंबराचा दिवस उजाडला. दाराशी टेंपो उभा होता, आणि चुलतभाऊ टेंपोसमोर फोटो काढत होता.

तिने बाबांना हाताला धरून लांबडीच्या मागे नेलं आणि अक्षरं दाखवली. काय गाडी आहे, कशी आपल्याकडे आली, सगळं एका दमात सांगितलं. कुणी विकली ते सांगितलं नाही.

“बाबा, अंगण खरंच वाकडं होतं.”

बाबांनी तिरक्या अक्षरावरून बोट फिरवलं. “मग? आता सरळ झालं?”

“नाही. मी वाकड्यावर नाचायला शिकले.”

“बोलायला काय जातं.”

“म्हणून बोलत नाहीये. लोखंडी सांगाडा टेंपोत जाऊ दे. मधली हंडी माझ्या गाडीत. तुम्ही मागे बसा, हंडी तुमच्या मांडीवर. एकदा जरी वाजली तर दादाला दुकानाच्या किल्ल्या द्या, मी टाळ्या वाजवीन.”

हंडी म्हणजे झुंबराचं काळीज. कलिंगडाएवढी, पापुद्र्यासारखी पातळ, भोवती लोलकांची झालर. तशी पुन्हा कुणाला करता येणार नव्हती. बाबांनी आत्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” आत्या म्हणाली. “पोरगी हरायला तयार आहे. तू का घाबरतोस?”

बाबा बसले. हंडी मांडीवर घेतली, जसं काही तान्हं बाळ. आत्या पुढे बसली. झुंबरवालीने श्वास सोडला आणि पाय टेकवला.

बाजार गेला. वळणं गेली. तो चढ आला, सिग्नलही मेला नेमका लाल. हिरवा झाला. मागच्याने लगेच हॉर्न मारला, आणि आत्याने खिडकीतून डोकं काढून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण लांबडी चढावरून अशी उठली की आत्याच्या हातात कप असता तर कॉफी हलली नसती. मागून आवाज नाही. हंडीचा नाही, आणि बाबांचाही नाही. बाबांनी एवढा वेळ टोमणा मारला नाही म्हणजे काय?

तिने आरशात पाहिलं.

बाबा झोपले होते! तोंड किंचित उघडं, दोन्ही हात हंडीभोवती, आणि मान डुलत होती पाळण्यात डुलावी तशी. जो माणूस काच वाहून नेताना जन्मात पापणी लवू देत नसे, तो घोरत होता.

तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती चिडलीही. “बघ आत्या! इतके महिने मला जड म्हणाले आणि आता माझ्याच गाडीत घोरतात!”

“हळू बोल,” आत्या म्हणाली. “उठवशील त्याला.”

*

नाट्यगृहाच्या घुमटाखाली सांगाडा जमिनीवर उभा केला होता. बाबांनी डोळे चोळत हंडी त्यात बसवली, झालर हाताने चाचपली, एकेक कडी बघितली. मग चुलतभावाच्या हातातला दोर काढून घेतला आणि मुलीच्या हातात दिला. शाब्बास म्हणाले नाहीत. डोळे मात्र पुसले, आणि धूळ फार आहे म्हणाले.

चुलतभाऊ म्हणाला, “बरं झालं, माझे हात दुखले असते.” त्याला वाईट वाटलं असलं तरी फोटोत दिसलं नसतं.

तेवढ्यात बाबांची नजर बाजूच्या दाराकडे गेली. तिथे एक उंच माणूस उभा होता, हात मागे बांधून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

“हा कोण?”

नाट्यगृहातली सगळी माणसं वळली. झुंबरवालीने दोर घट्ट धरला. आता बोलेल. आता तरी बोलेल!

“मी…” तो पुढे आला. “मी ह्या गाडीचा आधीचा मालक. अक्षरं मीच काढली होती. काच फुटली ती माझ्यामुळे, तुमच्या मुलीमुळे नाही. एवढंच सांगायचं होतं.”

“एवढंच?” बाबा म्हणाले.

“एवढंच,” तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

झालं! तिच्या डोक्यात ठिणगी पडली.

“एवढंच?” ती कडाडली. दोर हातात, केस विस्कटलेले, आवाज वर घुमटात जाऊन परत आला. “पुन्हा अर्धंच सांगतोस? अर्धं पुढे करायचं आणि अर्धं खरवडून ठेवायचं, ही खोड जायची नाही का तुझी? सुट्टीमागून सुट्ट्या मी त्या रस्त्यावर कशाला घालवल्या? खड्डे बघायला? मला काय गाडीच शिकायची होती?”

“तू म्हणालीस, बाबांना तू काही सांगायचं नाहीस—”

“हाताबद्दल! हाताबद्दल म्हणाले होते, शहाण्या! मनाबद्दल कोण बोलणार? तुझी आई?” ती बाबांकडे वळली. “बाबा, अर्धं ह्याने सांगितलं, अर्धं मी सांगते. मी ह्याच्याशी लग्न करणार आहे. ह्याला अजून विचारलेलं नाही.”

चुलतभावाने फोन खाली केला.

“असं कसं!” मास्तरच आता चिडला. भुवया दोन्ही वर गेल्या. “मी विचारणार होतो! रोज आरशासमोर उभा राहून तयारी करतोय! माझ्या आईला सांगून झालंय, त्या चष्म्याच्या काकूंना सांगून झालंय—”

“काकूंना सांगितलंस? आणि मला नाही?”

“तू सारखी रागावलेली असतेस!”

“मग रागावलेलीलाच विचारायचं! शांत व्हायची वाट बघशील तर म्हातारा होशील!”

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आता हसत नव्हता. “बरं. विचारतो. करशील लग्न माझ्याशी?”

“मी आधीच सांगितलंय. ऐकू येत नाही का?”

बाबा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “आणि मला कुणी विचारणार आहे का?”

“तू झोपला होतास,” आत्या म्हणाली. “आणि तुम्ही दोघं, भांडायचं तर बाजूला होऊन भांडा. लोकांना कामं आहेत.”

वरून घुमटाजवळच्या माणसाने हाक दिली, “ताई, घ्यायचं का वर?”

“घ्या!” तिने ओरडून सांगितलं.

सांगाडा जमिनीवरून उचलला, सगळी झालर एकदम थरथरली आणि खिडकीतल्या उजेडाचे तुकडे भिंतींवरून, खुर्च्यांवरून, बाबांच्या टकलावरून धावू लागले. तिने एका हाताने दोर धरला होता. दुसऱ्या हाताने मास्तरची बाही. राग अजून उतरला नव्हता तिचा, पण त्या दोहोंतलं तिने काहीच सोडलं नाही.